तेल, ताळा आणि पन्हाळा

शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडली, की पन्हाळ्याचा रस्ता उसाच्या शेतांमधून निघतो. मार्गशीर्षातल्या सकाळी गुऱ्हाळांचा धूर शेतांवर रेंगाळत असतो आणि हवेत उकळत्या रसाचा गोड वास भरलेला असतो. केर्लीपाशी जोतिबाच्या डोंगराची वाट फुटते आणि पुढे वाघबीळचा चढ लागतो. शहरापासून गड अवघा 20 किलोमीटरांवर; पण त्या दिवशी शाहूपुरीतल्या एका गूळव्यापारी पितापुत्रांना तो फार दूरचा वाटला.

दिवाळीच्या पाडव्याला पेढीवर नव्या वह्यांचे पूजन झाले होते. रोजमेळ आता मुलाच्या हाती द्यावा की नाही, हा निर्णय मात्र अण्णांनी लांबणीवर टाकला होता. मुलाचे आकडे चुकत नसत. चूक झाली तर तो ती सांगेल का, एवढीच त्यांची शंका होती.

आदल्या संध्याकाळी मुलाने मोटारसायकलचे तेल स्वतःच्या हाताने बदलले होते. वाघबीळच्या चढावर मूठ पिळताच इंजिनाचा आवाज चढू लागला. वेग मात्र वाढेना. रस्त्याकडेला थांबून पाहिले, तर इंजिनाखाली तेलाचे थेंब. मागच्या चाकावर तेल उडाले असते तर उताराच्या वळणावर काय झाले असते, याची दोघांनाही कल्पना आली. बोलले कोणीच नाही.

मुलगा कार्ब्युरेटर, साखळी, पेट्रोल अशी एकेक शंका काढू लागला. अण्णा म्हणाले, “काल सकाळी ताळा जुळत होता ना? मग सगळी वही कशाला उलटतोस? चूक कालच्या नोंदीनंतरची आहे. काल काय बदललंस, तेवढंच पाहा.”

फाट्याच्या अलीकडे दुचाकी दुरुस्त करणारे एक लहानसे दुकान होते. तिथल्या मिस्त्रीने गाडी सपाट जागी डबल स्टँडवर उभी केली, इंजिन थोडे चालवून बंद केले आणि तेल खाली उतरेपर्यंत थांबला. मग डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवली. तेल वरच्या खुणेच्याही वर होते. “जास्त तेल म्हणजे जास्त चांगलं न्हवं, काका,” तो म्हणाला. “आत फेस हुतो, मग ते एअर फिल्टरकडं चढतं.” तिरक्या स्टँडवर मापले, तर तेल असते त्याहून वेगळे दिसते, हेही त्याने दाखवले.

गळतीचे मूळ शोधण्यासाठी त्याने आधी इंजिनाचे बूड कोरडे पुसले आणि थेंब कुठून उगवतो ते पाहिले. ओल ड्रेन बोल्टभोवतीच होती. जुनाच चेपलेला वॉशर पुन्हा बसवला होता आणि गळू नये म्हणून बोल्ट जोराने आवळला होता. ॲल्युमिनियमच्या कवचातले आटे अशा जोराने कायमचे जातात. येथे ते दैवाने वाचले होते. गळती थांबवतो तो वॉशर. जोराने आवळणे हा त्यावर इलाज नव्हे.

राहिला क्लच. केबलला पुरेशी ढील होती, म्हणजे दोष तिचा नव्हता. मिस्त्रीने विचारले, “तेल कुठलं घातलंय?”

मुलगा क्षणभर घुटमळला. मग म्हणाला, “अण्णा, कारचं उरलेलं तेल होतं. तेच ओतलं. वाया जाऊ नये म्हणून.”

अशा मोटारसायकलींत क्लचच्या प्लेटा इंजिनाच्याच तेलात बुडालेल्या असतात. कारच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती इंजिनाला मानवली, तरी प्लेटांची पकड सुटते. दुचाकीच्या तेलाच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-2’ अशी खूण असते, ती याच कारणासाठी. मिस्त्रीने सारे तेल काढले, नवा वॉशर घातला, योग्य तेल मापाने भरले आणि सांगितले, “दोन-चार दिवस बेतानं चालवा. मग बी घसरली, तर प्लेटा बदलाव्या लागतील.” काढलेले तेल त्याने कोपऱ्यातल्या पिंपात ओतले, पिंप भरले की जळके तेल गोळा करणारा येऊन घेऊन जात असे. मुलगा त्या पिंपाकडे बराच वेळ पाहत राहिला.

गडावर पोहोचले तेव्हा ऊन चढले होते. अंबरखान्याच्या गंगा, यमुना आणि सरस्वती या कोठ्यांपैकी गंगा सर्वांत मोठी. छताच्या भोकांतून धान्य आत ओतत. 1660 मध्ये सिद्दी जौहरचा वेढा महिनोन्‌महिने पडला, तेव्हा गडावरच्या माणसांना अशा कोठारांचाच आधार होता. आतल्या गारव्यात मुलगा म्हणाला, “अण्णा, अजून एक राहिलं. कालचं काळं तेल मी घरामागच्या गटारात ओतलं.”

शहरातले सांडपाणी वाहून नेणारा जयंती नाला पंचगंगेलाच मिळतो. सकाळी ओलांडलेली नदी दोघांच्याही डोळ्यांसमोर आली. अण्णा रागावले नाहीत. “ते आता परत येत नाही,” एवढेच म्हणाले. “पण कुणी न विचारता सांगितलंस.”

उतरताना गाडी चढणीवर अजून किंचित घसरत होती. पंधरवड्यानंतर प्लेटा बदलाव्याच लागल्या. मुलाने एका वहीत तारीख, किलोमीटर, तेलाची जात, माप आणि नवा वॉशर अशी नोंद केली. शेवटची ओळ होती : “जळके तेल दुकानातील पिंपात जमा. त्याआधीचे गटारात, चूक माझी.”

दुसऱ्या दिवशी पेढी उघडल्यावर अण्णांनी रोजमेळ मुलासमोर सरकवला.