घराचे आठ वाटे

चीनमधल्या ग्वांगझौ शहरात चेन घराण्याने १८९४ साली एक मोठं कुलगृह बांधून पूर्ण केलं. ठिकठिकाणच्या चेन कुटुंबांनी त्यासाठी पैसा जमवला होता. तिथे पूर्वजांच्या नावांच्या पाट्या पुजल्या जात. आपण पूर्वजांना पुजत नाही, त्यांच्यासाठी दुआ करतो. पण सगळ्या खानदानाला एकत्र बसवणारी जागा आपल्याकडेही असते. पोलादपूरजवळच्या आमच्या गावात ती जागा म्हणजे आमच्या घराचं माजघर.

घर पावसाचा विचार करून बांधलेलं. काळ्या दगडाचं कमरेइतकं जोतं, जाड मातीच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर. पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून भोवती पडवी. लाकडी खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यांवर उभे केलेले. त्यामुळे ओल आणि वाळवी सहसा वर चढत नाही. पुढे ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर, वर माळा. मधली दारं उघडली की ओटी आणि माजघर एक होतं. इथेच आमच्या फुफींचे निकाह झाले, इथूनच अब्बांचा जनाजा उठला. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड बुडालं. पाणी ओसरल्यावर तिथले आमचे नातेवाईक काही दिवस याच माजघरात राहिले.

अब्बांनंतर सल्ले सुरू झाले. ‘बहिणी आपापल्या घरी सुखी आहेत, हक्कसोड घ्या, घर पाडा आणि दोघे भाऊ वाटून घ्या.’ अम्मी एवढंच म्हणाली, “आधी हिशेब मांडा, मग बोला.”

हिशेब सूरह निसामध्ये दिलेलाच आहे. कर्ज आणि वसीयत वजा जाता आईला आठवा हिस्सा. उरलेल्यात भावाला दोन, तर बहिणीला एक. आम्ही दोन भाऊ, तीन बहिणी. म्हणजे बरोबर आठ वाटे: अम्मीचा एक, बहिणींचा एकेक, भावांचे दोन-दोन. बहिणींनी सांगितलं, “वाटा हवा, पण घर पाडू नका.”

घरपट्टीच्या उताऱ्यावर सहाही नावं लागली. दरवर्षी कौलं परतायचा खर्च आम्ही याच आठ वाट्यांनी करतो. आता बहिणी ईदला येतात त्या पाहुण्या म्हणून नव्हे, आपल्या घरी येतात.

वाडवडिलांचं घर जपायचं असेल, तर वासे तपासण्याआधी उताऱ्यावरची नावं वाचून पाहावीत. वाळवी तिथेही लागते.