बटण कुणाच्या हाती?

मैत्रिणींनो, घराला कुलूप लावून रिक्षात बसलं, की "गिझर बंद केला ना?" हा प्रश्न जिच्या मनात येत नाही, अशी भाग्यवान बाई विरळाच! आमच्या घरी तर या प्रश्नापायी अर्ध्या वाटेवरून माघारी येणं नेहमीचंच होतं. अखेर दोन वर्षांपूर्वी आमच्या चिरंजीवांनी मनावर घेतलं. साताऱ्याच्या आमच्या जुन्या घरातले दिवे, गिझर आणि गच्चीवरची टाकी भरणारा पंप त्यानं एका काँप्युटरच्या ताब्यात दिला. काँप्युटर केवढा, तर पत्त्यांच्या जोडाएवढा! फडताळात बसून तो घरभर हुकूम सोडतो.

ही कल्पना तशी नवी नाही बरं का. १९६६ साली अमेरिकेत पिट्सबर्गला जिम सदरलँड नावाच्या इंजिनियरनं स्वतःच्या घराच्या तळघरात असा काँप्युटर उभा केला होता. त्याचं वजन साडेतीनशे किलोंच्या वर! पुढे १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका कंपनीनं 'एक्स-टेन' नावाची युक्ती काढली. घरातल्या विजेच्या तारांतूनच दिव्याला 'लाग' किंवा 'विझ' असा निरोप जायचा. वेगळी वायर ओढायला नको. शेजाऱ्याच्या निरोपानं आपला दिवा लागू नये, म्हणून प्रत्येक घराला एक अक्षर आणि प्रत्येक वस्तूला एक आकडा. सोळा अक्षरं, सोळा आकडे, म्हणजे २५६ पत्ते झाले. आता हे निरोप बहुधा वायफायवरून जातात. स्विचबोर्डाच्या मागे काडेपेटीएवढा रिले बसवतात. रिले म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, काँप्युटरच्या हुकमानं चालणारं बटणच.

सोय झाली हे कबूल करायलाच हवं. पहाटे साडेपाचला गिझर लागतो, सहाला बंद होतो. टाकी भरली की पंप थांबतो. गच्चीवरून पाणी वाहून जात नाही. सगळ्यात मोठं सुख सासूबाईंचं. त्यांचं वय त्र्याऐंशी, गुडघे धरलेले. रात्री त्या पलंगावरून उतरल्या, की न्हाणीघरापर्यंतचा दिवा आपोआप लागतो. पडण्याची भीती पुष्कळ कमी झाली.

पण काँप्युटर नुसता हुकूम सोडत नाही, तो टिपणही ठेवतो. आम्ही वापरतो तो 'होम असिस्टंट' नावाचा प्रोग्रॅम २०१३ पासून फुकट मिळतो. कुठला दिवा किती वाजता लागला, किती वाजता विझला, याची दहा दिवसांची नोंद तो आपली आपण ठेवतो. नको असेल तर तसं सांगावं लागतं. एके दिवशी सकाळी चहा घेताना मुलगा सहज म्हणाला, "आजी, काल रात्री चारदा उठलीस. साखर तपासून घेऊ या का?"

त्याच्या बोलण्यात काळजीच होती. पण सासूबाईंनी कप खाली ठेवला. "माझ्या फेऱ्या मोजायला मी कुणाला सांगितलं नव्हतं," एवढंच म्हणाल्या आणि उठून गेल्या. त्या रात्री पाहते तो काय, दिवा लावणाऱ्या त्या सेन्सरवर त्यांनी रुमाल टाकलेला, आणि स्वतः अंधारात भिंत चाचपत चाललेल्या!

दुसऱ्या दिवशी मी मुलाला शेजारी बसवलं आणि म्हटलं, "आता मला शिकव." अर्ध्या तासात कळलं. दिवा लागणं वेगळं आणि त्याची नोंद ठेवणं वेगळं. दिवा ठेवला, त्या खोलीची नोंद तेवढी बंद केली. सासूबाईंना पडद्यावर ते दाखवलं, तेव्हा कुठे रुमाल निघाला. आठवड्यानं त्या आपण होऊन म्हणाल्या, "डॉक्टरांकडे जाऊ या. काय ते मीच सांगेन त्यांना." आता सांगा, काळजी आणि पाळत यांत अंतर केवढं? एका परवानगीएवढं!

सगळीकडे हे एवढ्यावर निभावत नाही. बाहेर बसून फोनवरून घरातले दिवे, कुलपं, तापमान बदलून बायकांचा छळ करणाऱ्या पुरुषांबद्दल 'न्यूयॉर्क टाइम्स'नं २०१८ मध्ये सविस्तर लिहिलं होतं. सगळी यंत्रणा नवऱ्याच्या फोनमध्ये, बायकोला तिचा पासवर्डसुद्धा ठाऊक नाही, अशी घरं त्यात होती.

म्हणून तुमच्या घरी असं काही बसवायचं ठरलं, तर काही गोष्टी आधीच ठरवून घ्या. भिंतीवरचं बटण पूर्वीसारखंच चाललं पाहिजे. काँप्युटर बंद पडला, इंटरनेट गेलं, तरीही. आजीबाईंनी दिवा लावायला मोबाईल कशाला शोधायचा? वीज जाऊन परत आली, की गिझर आपोआप सुरू होता कामा नये. दोन हजार वॅटचा गिझर जवळजवळ नऊ अँपियर वीज ओढतो. दिव्याचा छोटा रिले त्याला चालत नाही, त्यापेक्षा दणकट लागतो आणि तो परवानाधारक माणसाकडूनच बसवावा. इस्त्री आणि शेगडी मात्र या भानगडीत आणूच नका. समोर माणूस नसताना त्या सुरू होणं धोक्याचं.

आणि हो, इलेक्ट्रिशियन घरी आला, की लगेच चहा टाकायला आत जाऊ नका. त्याच्याजवळ उभ्या राहा आणि तीन प्रश्न विचारा: हे हातानं कसं बंद करायचं? नोंद कुठे राहते? आणि पासवर्ड कुणाकुणाकडे? उत्तरं वहीत लिहून घ्या. चहा काय, नंतरही होईल!