आवक-जावक

चौतीस वर्षे मी आवक-जावक कारकून होतो. ज्यांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आहेत त्यांना हा प्राणी ठाऊक असेल. आलेला कागद आवक वहीत, गेलेला कागद जावक वहीत. क्रमांक, तारीख, शेरा. कागदात काय लिहिले आहे याच्याशी आम्हाला कर्तव्य नसते. तो आला की नाही आणि गेला की नाही, एवढेच. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने मला शाल दिली, भिंतीवरचे घड्याळ दिले आणि नारळ दिला. मराठीत नारळ मिळण्याचा जो खरा अर्थ आहे, तो मला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला कळला. डबा भरलेला नव्हता.

त्याच वर्षी मुलगा नोकरीसाठी कॅनडाला गेला आणि जाताना आपला कुत्रा आमच्याकडे ठेवून गेला. "बाबा, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला. त्या सहा महिन्यांना येत्या श्रावणात चार वर्षे होतील.

कुत्रा लॅब्रॅडॉर जातीचा. रंग उकडलेल्या बटाट्याचा, भूकही साधारण पोतेभर बटाट्यांची. मुलाने नाव ठेवले होते रॅम्बो. हे नाव आमच्या हिच्या जिभेला काही मानवेना. तिने आठवड्याभरात त्याचा 'रामभाऊ' केला आणि "रामभाऊ, चला, पोळी खाऊन घ्या" असे अहोजाहो सुरू झाले. घरात तोवर हा मान एकट्या मला होता.

मी चौकशी केली तेव्हा कळले की या जातीचे मूळ कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे. तिथले कोळी जाळ्याचे दोर ओढायला आणि गळावरून सुटलेले मासे पकडायला हे कुत्रे बाळगत. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या बड्या लोकांनी ते नेले आणि त्यांना दुसरे काम लावले. साहेबाने बदक मारायचे आणि ते पाण्यात पडले की कुत्र्याने पोहत जाऊन आणायचे. म्हणजे मुलगा कॅनडात गेला आणि मूळचा कॅनडाचा कुत्रा पुण्यात राहिला. आवक-जावक जुळली. माझ्यातल्या कारकुनाला तेवढेच समाधान.

पण रामभाऊंची अडचण निराळीच होती. आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि १९९१च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. हे फार उत्तम झाले. बदकांचे तर नक्कीच. पण ज्याची बोटे पातळ पडद्याने जोडलेली, ज्याच्या अंगावर पाणी न शिरणारी दुहेरी लव, ज्याची शेपटी पाण्यात सुकाणूसारखी चालते, अशा गृहस्थाने तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत करायचे काय? मी त्याच्याकडे बघायचो, तो माझ्याकडे बघायचा. दोघांनाही नारळ मिळालेला.

तरी अंगातले काम जात नाही. आमच्या इमारतीत पाणी सकाळी दोन तास येते. नळाने पहिली उचकी दिली की रामभाऊ न्हाणीघराच्या दारात हजर. बादली भरली की तोंड आत घालून मग बाहेर काढायचा, माझ्या पायाशी ठेवायचा आणि मी तो परत बादलीत टाकावा म्हणून वाट बघायचा. माझी आंघोळ चाळीस मिनिटे चालू लागली. एकदा तर तो खालच्या मजल्यावरच्या दारातून चक्क एक अंडे घेऊन आला. या जातीचे तोंड फार मऊ असते. आणलेल्या पक्ष्याला दात लागता कामा नये, असे पिढ्यान्‌पिढ्या निवडीने घडवलेले. रामभाऊंनी अंडे अलगद हिच्या देव्हाऱ्यापुढे ठेवले. अंड्याला चरासुद्धा गेला नव्हता. तडा गेला तो आमच्या तीन पिढ्यांच्या शाकाहाराला.

"अहो, त्याला कुठेतरी पाण्यावर घेऊन जा," ही म्हणाली. "आणि तुम्हीही जा."

आता मी मूळचा सोलापूरचा. पाणी ही वस्तू आम्ही बादलीत बघितलेली. ते गुडघ्याच्या वर आले की मला रामरक्षा आठवते आणि कमरेपर्यंत आले की तीही आठवत नाही. पण पत्नीची आज्ञा. एका रविवारी मुलाची जुनी गाडी काढली आणि मुळशीच्या बाजूला, धरणाच्या फुगवट्याला जिथे काठ उतरता आणि मऊ आहे तिथे गेलो. खिशात टेनिसचा चेंडू.

वाचकहो, कुत्रा हसतो की नाही यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. त्या सकाळी पाणी दिसल्यावर रामभाऊंचे जे झाले त्याला मी दुसरा शब्द वापरू शकत नाही. आधी तो थरथरला. मग माझ्या हातातल्या चेंडूकडे असा बघू लागला, की चौतीस वर्षांत कोणत्याही साहेबाने माझ्या हातातल्या कागदाकडे तसे बघितले नव्हते. मी चेंडू फेकला. माझी फेक ती काय? पंधरा-वीस पावले. तेवढ्यासाठी त्याने काठावरून अशी झेप घेतली, की जणू पलीकडे साहेबाने हंसच पाडला आहे. मग पाण्यावर फक्त डोके, मागे शेपटीची वल्ही आणि नाकाने चाललेले फुस्‌ फुस्‌. चेंडू तोंडात धरून तो वळला, सरळ माझ्याकडे आला, पायाशी चेंडू ठेवला आणि मगच अंग झाडले. हा या मंडळींचा शिष्टाचार दिसतो. सगळा काठ मोकळा असतो, पण अंग झाडायचे ते मालकापासून एका हातावर येऊन. मी नखशिखान्त भिजलो. निवृत्तीनंतर प्रथमच काहीतरी अंगावर आले होते.

जावक एक, आवक एक. जावक दोन, आवक दोन. मी मोजत होतो. सवय! एकेचाळीसपर्यंत मोजले. मग खांदा गेला.

दर रविवारी जाऊ लागलो. एकदा मी गंमत म्हणून नुसता हात हलवला, चेंडू मुठीतच ठेवला. तो गेला. पाण्यात गोल गोल फिरत राहिला. शोधतोय, मान वर करून बघतोय, पुन्हा शोधतोय. परत आला तो रिकाम्या तोंडाने, आणि ओशाळलेला. माझ्यावर रागावला असता तर बरे झाले असते. त्याला वाटत होते की चूक त्याची. त्यानंतर मी तसे कधी केले नाही. वहीत खोटी जावक दाखवणे हा आमच्या धंद्यात गुन्हाच आहे.

एके दिवशी त्याला खरा पक्षी दिसला. टिबुकली. मुठीएवढी पाणकोंबडीसारखी असते ती. रामभाऊंच्या आजोबा-पणजोबांनी एकदम अंगात संचार केला. तो पोहत तिच्यापासून हातभर अंतरावर गेला आणि टिबुकली बुडाली. भलतीकडेच, वीस हातांवर वर आली. तो तिकडे गेला. ती पुन्हा बुडाली. असे सहा वेळा. काठावरून एक टिटवी दोघांना शिव्या घालत होती. शेवटी रामभाऊ परत आले ते पाण्यातली एक वाळकी काटकी घेऊन. हात हलवत येणे त्यांच्या रक्तात नाही. पक्षी आणला काय आणि काटकी आणली काय, शेपटी तेवढीच हलत होती. तिथे मला थोडे काहीतरी कळले. बदक हे त्याच्या कामाचे कारण असेल, आनंदाचे नव्हते. बदक कायद्याने गेले. जाणे आणि आणणे कुठे गेले होते?

आता श्रावणातली गोष्ट. हिचे माहेर हर्णैच्या बाजूला, खाडीकाठी. नारळी पौर्णिमेला मेहुण्यांनी आग्रहाने बोलावले. रामभाऊही आले. संध्याकाळी कोळी मंडळी वाजतगाजत निघाली, मागून गावचे लोक. समुद्र श्रावणातला, गढूळ, फुगलेला, आणि आवाज असा की शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये. पूजा झाली. मेहुणे म्हणाले, "भावोजी, एक नारळ तुमच्याही हातून जाऊ द्या."

मी नारळाला हळदकुंकू लावले, डोळे मिटले, मुलाचे नाव घेतले आणि हात उचलून नारळ फेकला.

डोळे उघडतो तो हातातला पट्टा रिकामा.

"रामभाऊ!" हिची किंकाळी मी त्या आवाजातही ऐकली. बटाट्याच्या रंगाचे डोके एका लाटेवर दिसले. मग दुसरी लाट आली आणि दिसेनासे झाले. मी वाट बघितली. शेपटी नाही, डोके नाही, काही नाही. मुलाला फोनवर काय सांगू, हा विचार आधी आला हे कबूल करतो. पण तो फार वेळ टिकला नाही. पुढचे मला मेहुण्यांनी सांगितले. मी चपलांसकट आत शिरलो होतो, पाणी छातीपर्यंत होते, आणि मी रामरक्षा म्हणत नव्हतो. मी ओरडत होतो, "रामभाऊ, असू दे तो नारळ! टाक! परत ये!"

टाकतोय कसला! लाटेच्या पाठीवरून तो आला, तोंडात नारळ, शेंडीला धरलेला. मऊ तोंडाचा खरा कस त्या दिवशी लागला. दोन कोळ्यांनी मला दंडाला धरून बाहेर ओढले. तो आपला आपण आला, नारळ माझ्या पायाशी ठेवला, आणि मग, अर्थात, अंग झाडले.

क्षणभर सगळे गप्प. दर्याला दिलेला नारळ परत आणणे हे पाप की पुण्य, याचा निर्णय कोणालाच करवेना. शेवटी एक म्हातारा कोळी नारळाकडे बघत म्हणाला, "दर्यानं तुमचा नारळ घेतला नाय, काका. तुमचं काम बाकी असंल." आणि पहिल्यांदा तोच हसला. मग सगळा किनारा हसला. त्याच नारळाचा नारळीभात झाला. मोठा वाटा कोणाच्या थाळीत पडला हे सांगायला नको.

रात्री मुलाचा फोन आला. मामाने त्याला सगळे कळवले होते. "बाबा, तुम्ही पाण्यात गेलात? तुम्ही?"

"कमरेपर्यंतच," मी म्हणालो.

"मामा छातीपर्यंत म्हणतोय." मग तो जरा थांबला. "रॅम्बो कसा आहे?"

"झोपलाय. झोपेत पाय हलवतोय. पोहत असेल."

पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. ही फोन घेण्यासाठी माझ्या हाताला झोंबत होती, तिला मी थांबवले. "बाबा," तो म्हणाला, "मी डिसेंबरचं तिकीट बघतोय."

जुन्या सवयीने मी अजून एक वही ठेवतो. त्या दिवशीची नोंद अशी आहे. जावक : नारळ एक, कुत्रा एक. आवक : नारळ एक, कुत्रा एक. वरच्या बाजूला चार वर्षांपूर्वीची एक जावक नोंद आहे, तिच्या समोरचा रकाना मी कोरा सोडला आहे. पेन्सिल मात्र टोक करून ठेवली आहे.