शंभरातला एक

‘द लाँग वॉक’ मी पहिल्यांदा वाचली ती पुण्यात, कॉलेजात असताना. शंभर किशोरवयीन मुलं मेन राज्यातून चालायला लागतात. ताशी चार मैल, म्हणजे जवळपास साडेसहा किलोमीटर, हा वेग सोडायचा नाही. झोपायचंही नाही. वेग उतरला की इशारा. तीन इशाऱ्यांनंतर पुन्हा उतरला की गोळी. शेवटी उरेल त्याला जन्मभर मागेल ते. स्टीफन किंगनं ही कादंबरी लिहायला घेतली व्हिएतनाम युद्धाच्या काळात, कॉलेजच्या पहिल्या वर्षात. छापून आली 1979 मध्ये, रिचर्ड बाकमन या टोपणनावानं. त्या वयात मनात राहिल्या त्या बंदुका.

जामनेरला परतल्यावर पुन्हा वाचली, आणि अडकलो वेगळ्याच जागी. यातल्या एकाही मुलाला कुणी धरून आणलेलं नाही. सगळ्यांनी आपणहून नाव दिलंय.

आमच्या पहूर रस्त्यावरही पहाटे पोरं पळतात, पोलीस भरतीसाठी, आपणहून. कपाशीच्या भावावर ज्या घरांचं वर्ष ठरतं, त्या घरांतली. पूर्वी भरतीला निघालेली पोरं पीजेत, म्हणजे पाचोरा-जामनेर रेल्वेत, बसून पाचोरा गाठायची. ती गाडी 2020 पासून बंद आहे, पण पोरांचं पळणं वाढलंच. पोलीस भरतीत सोळाशे मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत मारले तर वीसपैकी वीस गुण, त्यापुढे गुण उतरत जातात. माझा भाचा घरात पाऊल टाकायच्या आत सांगायचा, “मामा, आज पाच-वीस बसलं!”

2024 च्या भरतीला राज्यात 17,471 जागा होत्या आणि अर्ज 17 लाखांच्या वर. भागाकार केला आणि अंगावर काटा आला. शंभरात एक.

जून 2014 मध्ये मुंबईच्या भरतीत पाच किलोमीटर पळताना उमेदवार दगावले. 2024 मध्ये झारखंडातल्या भरतीत ऑगस्टच्या उकाड्यात तासाभरात दहा किलोमीटर पळवलं. दहाहून अधिक तरुण गेले. दोन्हीकडे अंतर कमी झालं ते माणसं गेल्यावर. 2024 मध्येच राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीत आपल्या जळगाव जिल्ह्यातला एक मुलगाही पाच किलोमीटरच्या धावेनं नेला. मागे कुणी बंदूक घेऊन उभं नव्हतं. छातीत कळ आली तरी पोरगं थांबत नाही, कारण वयाची अट पुढच्या भरतीपर्यंत थांबणार नसते.

किंगच्या कादंबरीत मला सर्वांत प्रिय आहेत ती गॅरेटी आणि मॅकव्ह्रीस ही दोन चालणारी मुलं. एक पडल्याशिवाय दुसरा जिंकू शकत नाही, तरी ते एकमेकांना चालतं ठेवतात. आमच्या रस्त्यावरही जोरात पळणारा पोरगा मागच्याला ओढत नेतो, “चल भो, दोनशेच राहिले!” दोघांची नावं एकाच मेरिट यादीत लागायची असतात, हे दोघांना ठाऊक असतं.

भाच्याला ग्राउंडआधी जळगावला नेऊन हृदयाची तपासणी करून आणली. त्याच्यासोबतच्या पोरांची कुणी केली नाही. अर्ज भरला की ही तपासणी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फुकट व्हायला हवी. भेटेल त्या पुढाऱ्याकडे मी सध्या एवढंच मागतो आहे.