श्रीरामपूर, हुगळीकाठचं

हावड्याहून बंडेल लोकल पकडली की तासाच्या आत श्रीरामपूर येतं. नगर जिल्ह्यातलं नव्हे, हुगळीकाठचं. टोटोत, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षेत, बसून नदीच्या अंगाला निघालो, तसा सेंट ओलाव्ह चर्चचा मनोरा दिसू लागला. १८०६ साली पुरं झालेलं हे चर्च डॅनिश अंमलातलं. दर्शनी भागावर सातव्या ख्रिश्चन राजाची मुद्रा अजून आहे.

पण ज्या मिशनने या गावाचं नाव केलं, त्याची सुरुवात राजाच्या पैशातून झाली नाही. १७९२ मध्ये इंग्लंडातल्या केटरिंगला एका विधवेच्या घरी बॅप्टिस्ट मंडळींचे मूठभर पाळक जमले आणि १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्सच्या वर्गणीवर मिशनरी संस्था काढून मोकळे झाले. त्यांनी धाडलेला विल्यम कॅरी मूळचा जोडे शिवणारा. श्रीरामपूरसमोरच्या तीरावर बराकपूर, ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख. मिशनऱ्यांमुळे रयत बिथरेल, ही कंपनीला धास्ती. म्हणून १८०० साली कॅरी आणि त्याचे साथीदार मार्शमन आणि वॉर्ड यांनी डॅनिश झेंड्याखाली बिऱ्हाड थाटलं. त्याच डिसेंबरात कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा हुगळीच्या पात्रात झाला.

मराठी माणूस इथे जरा जास्तच रेंगाळतो. कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ साली इथेच छापलं गेलं. १८१० चा कोश तर मोडी ठशांत. मदतीला पंडित वैजनाथ होते, मुखपृष्ठावर नाव मात्र एकट्या कॅरीचं. असो.

पुढे भांडण लागलं ते इमारतींवरून. कॅरीचा पगार, मार्शमन दांपत्याच्या शाळा, वॉर्डचा छापखाना यांच्या कमाईवर सगळा पसारा उभा राहिलेला. मिशनरी संस्थेची लंडनमधली नवी समिती त्यावर हक्क सांगू लागली. पाठवणाऱ्या मंडळींना हिशेब विचारायचा अधिकार होताच. पण तो पगारी नोकरांना विचारावा तसा विचारला गेला, तिथे बिनसलं, असं मला वाटतं. १८२७ मध्ये फारकत झाली. ती मिटली १८३७ मध्ये, कॅरी आणि वॉर्ड गेल्यावर.

फारकतीच्याच वर्षी सहाव्या फ्रेडरिक राजाने या तिघांनी इथे काढलेल्या कॉलेजला पदव्या देण्याची सनद दिली. कॉलेजच्या नदीकाठच्या, उंच खांबांच्या इमारतीत आज विज्ञान-वाणिज्याची मुलं वर्ग गाठायला धावतात. धर्मशास्त्राच्या पदव्यांचा कारभार कॉलेजची सिनेट पाहते, आणि पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकणाऱ्यांनाही पदवी मिळते ती या श्रीरामपूरचीच.