हलू नका, बाबा!

आपल्या कॉलेजात 'ड्रॉइंग' म्हटलं की आठवतं फर्स्ट इयरचं ईडी. मिनी ड्राफ्टर, टॉप व्ह्यू आणि सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर चालणारी जीटी!

माझं ड्रॉइंग त्याच्या खूप आधी सुरू झालं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी... तुम्हीही काढलं असेलच. कॉन्व्हेंटमध्ये दर डिसेंबरला क्रिबमागचा देखावा रंगवायचं काम सिस्टर मलाच द्यायच्या. पुढे एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएट झाली. स्मरणचित्रात बाजार, बसस्टॉप, पाऊस सगळं यायचं, पण माणसांना नाक-डोळे नसायचे. रंगाचा एक ठिपका म्हणजे डोकं!

बारावीनंतर मला जे.जे.ला जायचं होतं. बाबा म्हणाले, "आधी डिग्री घे, मग काय ते रंगव." आठवडाभर घरात कुणी धड बोललं नाही. शेवटी मी इथे आले.

सेकंड इयरला सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' छापील स्वरूपात पाहिलं. हातात दिवा घेतलेली स्त्री. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि कित्येकांना ते राजा रविवर्म्यांचंच वाटतं. तो उजेड चक्क जलरंगात आहे आणि समोर उभी होती त्यांची स्वतःची मुलगी, गीता. वासुदेव कामतांना २००६ साली अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा मोठा पुरस्कार मिळाला, तोही पत्नीच्या पोर्ट्रेटला. म्हणजे मॉडेल शोधायला लांब जायची गरजच नाही!

दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांनाच खुर्चीत बसवलं. रोज एक तास, पाच संध्याकाळी. पोर्ट्रेटचं पहिलं गणित सोपं आहे. डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात, आपण ते उगाच वर काढतो. पट्टी लावून बघा. पण गणित संपलं की खरी पंचाईत सुरू होते. चष्म्याने नाकावर पडलेले दोन खड्डे, डावी पापणी किंचित खाली, आणि तिसऱ्या मिनिटाला लागणारी डुलकी. ऑफिसातून आलेला माणूस इतका दमलेला असतो, हे एका घरात राहून मला दिसलं नव्हतं. भांडताना आपण समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतच नाही ना!

"हलू नका, बाबा!" असं शंभरदा तरी ओरडले असेन. पाचव्या दिवशी त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं. "कान जरा मोठे झालेत." मग थोडं थांबून, "पुढच्या सुट्टीत आईचं काढ. रंग मी आणतो."

जे.जे.ची रुखरुख संपली असं नाही. त्या रंगांनी ती संपणारही नाही. पण आता बाबांचा फोन आला की 'कशी आहेस' नंतर 'सध्या कुणाचं काढतेस' हेही येतं.

सध्या आमच्या मेसच्या मावशींचं काढतेय. त्या मात्र अजिबात हलत नाहीत. म्हणतात, "पोरी, बसायला मिळतंय, हेच खूप आहे."