पत्र्याची पन्हळ

वाणगावच्या फलाटावर शेडच्या पत्र्याच्या पन्हळी मोजत उभा होतो आणि डोळ्यांदेखत लोकल गेली. एकेचाळीसपर्यंत आलो होतो. पुढची गाडी येईपर्यंत पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

घरी दिवाणाखाली प्लायवुडची एक फळी आहे. तिच्यावर हेच स्टेशन सत्त्याऐंशी पटीने लहान होऊन उभं राहतंय. पावणेसहा फुटी माणूस तिथे दोन सेंटिमीटरचा, वीट अडीच मिलिमीटरची. रुळांचं तेवढं जमलेलं नाही. आपल्या ब्रॉडगेजचे 1676 मिलिमीटर या मापात 19च्या वर जातात, आणि बाजारात मिळतो तो 16.5चा, युरोपातल्या 1435ला बेतलेला. म्हणजे आमची डहाणू लोकल परक्या रुळांवर अंग चोरून चालणार. असो. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी 1998 साली उघडलेल्या छोट्या रेल्वेच्या म्युझियममध्येही गाडी सुटली की पोरं ओरडतात आणि मी छपरं बघत बसतो. गाडी विकत मिळते; छप्पर करावं लागतं.

पत्र्यावर मात्र अडलो. दोन पन्हळींत तीन इंच धरले, तर मापात एक मिलिमीटरही भरत नाही. पुठ्ठा फाटला, कागद फुगला. शेवटी गल्लीतल्या काकांकडे गेलो.

चिंचणी, वरोर, तारापूर या पट्ट्यात घराघरांतून दागिन्यांच्या डाय कोरतात. ओटीवर खिडकीशी ठोकळा, डोळ्याला भिंग, हातात छिन्नी. पोलादात नक्षी खोदायची, सोनार तिच्यावर पातळ पत्रा दाबणार. सगळं उलटं कोरायचं: फुगवटा हवा तिथे खड्डा. काकांनी आयुष्यभर वाट्या, पानं, मोर असे उलटेच पाहिलेत. मी कागदावर रेघा काढून दाखवल्या.

‘‘किती तोळ्याचं?’’

‘‘काका, स्टेशनचं छप्पर आहे.’’

ते हसले नाहीत. भिंगातूनच म्हणाले, ‘‘रेघ सरळ मारणं सगळ्यात कठीण. मोराची चूक मोरात लपते.’’

चार दिवस लागले. तेवढ्या वेळात दोन गिऱ्हाइकं परत गेली, आणि काकू माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. छिन्नीचा आवाज इतका बारीक, की बाहेर समुद्राला भरती असली तर ऐकूच यायचा नाही. एका रेघेपाशी त्यांचा हात थांबला. तिथे जरा तिरकी गेली होती. पुसता येत नाही. ‘‘इथे पत्र्याला पोचा आलाय समज,’’ म्हणाले.

आमच्या याच चिंचणीत शके 848चा, म्हणजे इसवी सन 926चा ताम्रपट सापडला. राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या काळात संजाणचा कारभार मधुमती नावाच्या अरब सरदाराकडे होता. त्याने केलेल्या सोयी त्यात कोरल्यात: नदीवर फुकट नाव, अन्नछत्रात भात, कालवण आणि तूप. तांब्यात कोरायला बसलेल्याने ‘तूप’पाशी क्षणभर हात थांबवला असेल, असं मला उगीच वाटतं.

मीही तांब्याचाच पातळ पत्रा आणला. काकांनी तो डायवर ठेवून वर शिसं दाबलं, आणि पन्हळी उठल्या. पोच्यासकट. पण फार चकचकीत, नव्या नवरीसारखा. रंग लावणार होतो. काका म्हणाले, खिडकीत टांग, समुद्राच्या बाजूला.

आज अकरावा दिवस. एक कोपरा तपकिरी झालाय.